हुकावरचं वजन आणि थोरलीचं तोंड

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माहेरी सगळे म्हणायचे. जेवताना दोनदा उठून पाणी आणायचे, पाहुणे बसलेले असताना उगीच पडदे सारखे करायचे. लग्न ठरलं तेव्हा आईला एकच धास्ती होती, ही बया सासरी एका जागी टिकायची कशी. सासर मिळालं ते कोल्हापुरातल्या पेठेतलं म्हशींचं घर. पुढे तीन खोल्या, मागे गोठा, आणि सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची. एका जागी टिकायची तिथं कुणाचीच प्राज्ञा नव्हती. आईची धास्ती फुकट गेली.

आमचे हे मोटारसायकलवरचे राजा माणूस. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्या रस्त्यावर पळवतात, तेव्हा ह्यांना बघावं. सायलेन्सर काढलेल्या गाडीवर हे पुढे आणि दोन्ही बाजूंच्या गर्दीला न जुमानता मागून धावणारी आमची थोरली. थोरली म्हणजे गोठ्यातली सगळ्यात जुनी म्हैस. रेडकू होती तेव्हापासून ह्यांनी तिला त्या गाडीच्या आवाजाची सवय लावली होती. फटफट ऐकली की ती दावं तोडायला बघायची. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लेकाची खरी लक्ष्मी ती. तू आपली नंतरची." सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. असलं काही बोलून झालं की त्या माझ्या ताटात भाकरीचा मोठा तुकडा टाकत, त्यामुळे राग धरायला वाव राहायचा नाही.

चार चाकांवर मात्र ह्यांचं डोकं फिरायचं. नदीपलीकडच्या शेतातून वैरण आणायला आम्ही एक जुनी डिझेल पिकअप घेतली होती. तिचा हौदा लहान, वैरण जास्त, म्हणून उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून मागे जोडायला दोन चाकी ट्रॉली करून घेतली. ट्रॉली मागे घेताना ती डावीकडे वळायला हवी असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. हे ह्यांना कधी पटलंच नाही. "माझी गाडी, आन् माझंच उलटं ऐकणार?" असं म्हणत त्यांनी शेजाऱ्यांच्या कट्ट्याचा कोपरा उडवला, तेव्हा मी राजारामपुरीत जाऊन ड्रायव्हिंगचा क्लास लावला. गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. बाया नळावर मला बघून पदर तोंडाला लावायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही, मला हलायला मिळत होतं.

ट्रॉली करणारा माणूस मोठा बढाईखोर होता. कोल्हापुरातल्या निम्म्या ट्रॉल्या आपल्याच हातून गेल्या आहेत असं सांगायचा. ट्रॉली ताब्यात देताना त्यानं आम्हा दोघांना पुढच्या दांड्यापाशी उभं केलं. दांडा म्हणजे ट्रॉलीचं पुढे आलेलं लोखंडी नाक, जे पिकअपच्या हुकात बसतं.

"वैनी, एवढं ध्यानात ठेवा. हुकावर वजन पायजे. सगळं मागं टाकलासा की मागची पुढचीला नाचीवती. सगळं पुढं टाकलासा तर पुढची मान वर करती. भरून झालं की दांडा हातानं उचलून बघायचा. दम लागला पायजे, पर उचलला पायजे."

हे म्हणाले, "सारखं कोण उचलत बसतंय?" आणि उचलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

तो बढाईखोर असला तरी खोटं बोलत नव्हता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्यांची हिरवी वैरण, भरलं होतं. भारे मागच्या फळीकडून टाकत गेलो आणि सगळा ढीग मागेच राहिला. रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंगमध्ये काहीतरी सैल झाल्यासारखं वाटू लागलं. गाडी सरळ जात होती, पण मन म्हणत होतं की ती सरळ जात नाहीये. मागून कुणीतरी पदर धरून कधी इकडे, कधी तिकडे ओढत होतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की शांत व्हायचं, दिला की परत सुरू. दुसऱ्या दिवशी मी चिडून सगळे भारे पुढे रचले, तर पिकअपचं बूड खाली बसलं, नाक वर आलं आणि स्टिअरिंग इतकं हलकं झालं की वळणावर मी देवाचं नाव घेतलं. त्या संध्याकाळी आमचे हेडलाइट रस्त्याऐवजी लोकांच्या माडीवरचे वाळत घातलेले कपडे दाखवत होते.

मग हळूहळू हात बसला. जड ते चाकांच्या थोडं पुढे, हलकं ते मागे, आणि शेवटी दांडा उचलून बघायचा. दुधाचे कॅन असोत, पेंडेची पोती असोत, माझ्या मनगटाला कळायचं. एरवी माझ्या जिवाला स्वस्थता नसायची, पण दांडा बरोबर तेवढाच जड लागला की घडीभर बरं वाटायचं.

पुढे पेठेत घरावर घरं चढली. गोठ्यांच्या जागी दुकानं आली, गल्लीत लोक नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. शेण टाकायला जागा नाही, पाणी जायला वाट नाही. ह्यांनी एकेक म्हैस कमी करत आणली. प्रत्येक वेळी आत्या दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जास्त बोलायच्या. शेवटी राहिली थोरली, तीही गाभण, दिवस भरत आलेले. तिला विकायचं नाव काढायची ह्यांची छाती नव्हती. मग असं ठरलं की आत्यांच्या भावाकडे, शाहूवाडीच्या बाजूला, तिला व्यायला पाठवायचं. तिकडे भाताची शेती, मोकळी हवा, मोठा गोठा.

"व्यायल्यावर आणू की परत," हे म्हणाले.

आत्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भांडी आवरायला घेतली. मागच्या गोठ्याची भिंत पाडायला गवंडी सांगून ठेवलेला आहे, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आत्यांनाही माहीत होतं. फक्त कुणी तोंडातून काढत नव्हतं. त्या आठवड्यात मी अख्खं घर दोनदा सारवलं.

थोरलीची आई ती जन्मली त्याच दिवशी गेली होती. आत्यांनी तिला हाताची बोटं दुधात बुडवून चोखायला दिली, आपल्या घोंगड्यात घेऊन झोपल्या. धाकट्या पोरीला वाढवावं तशी वाढवली. ती गोठ्यात असली की आत्यांना घर भरलेलं वाटायचं आणि ती परत यावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक उपायही होता.

त्यांच्या समजुतीप्रमाणे घरातून बाहेर जाणाऱ्या जनावराचं तोंड घराकडे असावं लागतं. तोंड घराकडे असलं की ते परत येतं. पूर्वी जनावर चालत जायचं, तेव्हा दारातून बाहेर काढून एकदा घराकडे वळवलं, कपाळाला कुंकू लावलं की झालं. आता जायचं होतं ट्रॉलीतून. पिकअपचा हौदा उंच, पोटुशी म्हैस त्यावर चढणार नाही. ट्रॉली बुटकी होती, तिची मागची फळी खाली टाकली की सरळ उतार व्हायचा. मी थोरलीला पुढे तोंड करून चढवायला लागले तर आत्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"तिचं तोंड घराकडं ऱ्हाऊ दे."

"आत्या, गल्लीच्या टोकापर्यंत ठेवू. मग वळवू."

"गल्लीपत्तोर न्हाय. पार तिथंपत्तोर. वाट ध्यानात ठिवायची तर वाट दिसाय नको तिला? पुढं बघत गेली तर परतीची वाट कशी कळंल?"

ह्याला उत्तर होतं, पण सासूला देण्यासारखं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना लवकर निघायचं होतं.

"जनावर हुबं ऱ्हायलं म्हंजे झालं. तोंड कुठं का असंना," हे म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारायला गेले. पुढे जाऊन मामांच्या गोठ्याची तयारी बघायची म्हणून ते गाडीवरून येणार होते.

थोरलीला आम्ही पाठमोरी आत घेतली. तिला मागे मागे सरकवत चढवायला अर्धी गल्ली गोळा झाली होती. मागच्या फळीच्या कडीला दावं बांधलं. म्हशीचं सगळं वजन पुढच्या धडात असतं, छाती, मान आणि ते भलंमोठं डोकं. ते सगळं आता ट्रॉलीच्या शेपटाकडे होतं. आत्या तिच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. मी दांड्यापाशी गेले आणि एका हातानं उचलून बघितला. हातात काहीच आलं नाही.

"अहो, दांडा हलका लागतोय."

"अगं सावकाश चालीव की. आपल्याला शर्यत लावायची हाय व्हय?"

दोन पेंडेची पोती ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला टाकून घेतली. तेवढ्यावर भागवलं आणि निघालो. आत्या माझ्या शेजारी, हे मोटारसायकलवर पुढे.

पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं, कारण गावातून गाडी पळतच नाही. पुलापलीकडे रस्ता मोकळा झाला आणि माझ्या तळहातांना ते ओळखीचं सैल सैल जाणवायला लागलं. आत्या मागच्या काचेतून वळून बघत होत्या. "बघ की, कशी बघतीया घराकडं," म्हणाल्या. मी हूं केलं. माझं लक्ष आरशात होतं. ट्रॉली डाव्या आरशात जास्त दिसायची, मग उजव्या आरशात जास्त दिसायची. मी पाय काढला, ट्रॉली सावरली. मागून एका ट्रकनं हॉर्न मारला म्हणून थोडा पाय दिला, तर परत सुरू.

त्यात आणखी एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. हे पुढे होते. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज पुढून येत होता, आणि थोरलीला जन्मभर एकच शिकवलेलं होतं की हा आवाज जिकडे जाईल तिकडे पळायचं. ती घराकडे बघत नव्हती. ती मान वाकडी करून करून पुढे बघायला धडपडत होती. दाव्याला हिसडे देत होती, पाय आपटत होती, आणि तिच्या प्रत्येक हिसड्याला माझं स्टिअरिंग हलत होतं.

"आत्या, ती अस्वस्थ आहे."

"घर सुटलं की असंच हुतंय. मीबी रडलो हुतो येताना."

केर्लीच्या पुढे चढ लागला. चढावर सगळं वजन आणखी मागे जातं. पिकअपचं मागचं बूड अलगद वर उचलल्यासारखं वाटलं. मागून कुणीतरी काखेत हात घालून उचलतंय असं. चाकं रस्त्याला धड टेकत नव्हती. आणि ह्या सगळ्यापेक्षा जास्त भीती पुढची होती. वाघबीळच्या पलीकडे उतार आहे. उतारावर मागची गाडी पुढचीला ढकलते. हुकावर वजन नसताना, मागे पोटुशी म्हैस हिसडे देत असताना त्या उतारावर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. ट्रॉली आडवी, म्हैस तिच्या पोटाखाली, आणि पोटातलं रेडकू.

वाघबीळला चहाच्या टपरीपाशी मी गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढून तशीच बसून राहिले. हे पुढे जाऊन परत वळून आले.

"काय झालं? थांबलीस का?"

"मी पुढे नेणार नाही. तिचं तोंड वळवल्याशिवाय एक हातसुद्धा पुढे नेणार नाही."

हे ओरडले, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. टपरीवरचा माणूस कप विसळायचा थांबला. "पावणं, भांडू नका, च्या घ्या," म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. आत्या खाली उतरल्या होत्या आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीला धरून उभ्या होत्या. कुणी त्यांचं माणूस ओढून न्यायला आल्यासारख्या.

"तोंड फिरीवलं तर ती परत यायची न्हाय," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, अगदी हळू.

मला रडायला आलं. राग, भीती, त्या बाईची दया, सगळं एकदम. मी त्यांचा हात धरला आणि पुढे दांड्यापाशी आणला. चाकांना दगड लावले. हुकात दांडा वरखाली व्हायला दोन बोटं मोकळी जागा होती.

"आत्या, हा उचला."

"मी? मला कुठला उचलतोय?"

"उचला तर."

त्यांनी वाकून एका हातानं दांडा धरला. तो वर आला. एका मोठ्या म्हशीची गाडी, आणि म्हाताऱ्या बाईच्या एका हातात वर आली. आत्या दचकल्या. त्यांनी तो खाली सोडला, परत उचलला, परत सोडला. जन्मभर डोक्यावर शेणाच्या पाट्या आणि वैरणीचे भारे वाहिलेली बाई ती. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"भारा मागं कललाय," त्या म्हणाल्या. "असा भारा घिऊन उतार उतरलं तर मान मोडती."

"हो."

"पोटातलंबी जाईल."

"हो."

त्या मागे गेल्या. थोरली तेव्हासुद्धा मान पिळवटून पुढे उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे बघत होती. गाडी बंद होती तरी बघत होती. आत्यांनी ते बघितलं. मला वाटतं, सकाळपासून त्यांनी थोरलीकडे खरं बघितलं ते तेव्हाच. त्याआधी त्या तिच्यात घराकडे बघणारी म्हैस बघत होत्या.

हे फळी उघडायला पुढे झाले. आत्या म्हणाल्या, "तू हात लावू नगंस." फळी त्यांनीच खाली घेतली. दावं त्यांनीच सोडलं. थोरलीला उतारावरून अलगद खाली घेतलं, रस्त्याच्या कडेला, कोल्हापूरकडे तोंड करून उभं केलं. डोंगराखाली सगळं धुरकट होतं, घर काही दिसण्यासारखं नव्हतं. आत्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"बघितलंस न्हवं? बास झालं आता."

आणि दावं धरून त्यांनी तिला स्वतःच्या हातानं वळवलं. थोरली एकदाही अडली नाही. फळीवरून सरळ वर चढली, पुढे गेली, पुढच्या कडीपाशी जाऊन उभी राहिली. आत्यांनी गाठ मारली. मी पेंडेची पोती मागे ओढली, थोडं इकडे, थोडं तिकडे. आत्या उतरून पुढे आल्या आणि मी सांगायच्या आधीच त्यांनी दांड्याला हात घातला. एका हातानं हलला नाही. दोन्ही हातांनी, दम लावून, जेमतेम उचलला.

"आता व्हय," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. तोंडावरचा घाम नव्हता तो.

उतारावर ट्रॉली मागे आहे की नाही हे कळत नव्हतं, इतकी ती मुकाट येत होती. हे पुढे, त्यांच्या आवाजामागे थोरली, कान टवकारलेले. स्टिअरिंग शांत झालं होतं आणि सगळी अस्वस्थता आता केबिनमध्ये येऊन बसली होती. आत्या समोर बघत होत्या. एकदाही त्यांनी मागच्या काचेतून वळून बघितलं नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलच बोलता येत होतं. बांबवड्यापर्यंत मी खड्ड्यांबद्दल बोलले.

थोरली तिकडे सुखरूप व्याली. रेडी झाली, पायावर पांढरा ठिपका असलेली. परत आणायचं कुणी नाव काढलं नाही. गोठ्याची भिंत पडली, तिथं ह्यांनी सुट्या भागांचं दुकान काढलं. आत्या रोज सकाळी उठून मागच्या दारापर्यंत जायच्या आणि दुकानाचं शटर बघून परत यायच्या. मला वाटायचं, त्या वाघबीळचा राग माझ्यावर काढतील. एकदा काढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कधीच काढला नाही, आणि मी उगीचच घरात इकडून तिकडे करत राहायचे.

पुढच्या पाडव्याला हे म्हणाले, चला, थोरलीला भेटून येऊ. मामांच्या गोठ्यापाशी जाऊन ह्यांनी मोटारसायकल जोरात रेस केली. भात कापून झालेल्या रानातून थोरली जी उधळत आली, वय बिय सगळं विसरून, ते बघून आत्या टाळ्या वाजवायला लागल्या. ह्यांनी गाडी गावाबाहेर काढली, थोरली मागे. वेशीपर्यंत आली. मग थांबली. पुढे गाडी फटफटत होती, हे हाका मारत होते, आणि थोरली उभी. मागे गोठ्यात तिची रेडी ओरडली. थोरलीनं मान वळवली आणि सावकाश गोठ्याकडे चालायला लागली.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी आत्यांकडे बघायची हिंमत केली नाही. मागून त्यांचाच आवाज आला.

"घर झालं तिचं."

दोन हजार सालानंतर पेठेतलं घरही गेलं. जागा मोठी, माणसं कमी, आणि आजूबाजूला सगळ्या इमारती. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी ट्रॉलीला शेवटचं काम होतं, मग तीही विकायची होती. लोखंडी कपाट, आत्यांची ट्रंक, भांड्यांची पोती. जड ते चाकांच्या जरा पुढे, गाद्या मागे. आत्यांना आता नीट चालता येत नव्हतं. तरी काठी टेकत त्या दांड्यापाशी आल्या आणि नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बराबर हाय?"

"बरोबर आहे आत्या."

सकाळपासून माझं कशात चित्त नव्हतं. सारखी आत-बाहेर करत होते, रिकाम्या खोल्यांतून काही राहिलं का म्हणून बघत होते, आणि काही राहिलेलं नव्हतं. मनात एक गोष्ट ठरवून ठेवली होती. पिकअपच्या हौद्यात मी एक खुर्ची दोरीनं पक्की बांधली होती, पाठ केबिनकडे आणि तोंड मागे करून. वर चादर घातली होती, उशी ठेवली होती. राजारामपुरी काही लांब नाही, सावकाश नेणार होते.

"आत्या, तुम्ही मागे बसा. घराकडे तोंड करून."

आत्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं. मग घराकडे. दाराला कुलूप होतं, उंबऱ्यावर सकाळीच त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं. मग काठी माझ्या हातात दिली आणि केबिनच्या दाराकडे वळल्या.

"नगं," त्या म्हणाल्या. "गाडी नाचंल."

मी त्यांना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. वळसा घालून माझ्या जागी आले, चावी फिरवली. ट्रॉली मुकाट मागे आली. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत होत्या. मी आरशात बघत होते. दार लहान होत गेलं, कोपऱ्यावरचा आम्हीच उडवलेला शेजाऱ्यांचा कट्टा आला, आणि डोळे भरल्यामुळे मला समोरचं काही दिसेना.

आत्यांनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"पुढं बघ की गं," त्या म्हणाल्या.